खुरांचं तेल

म्हाळूचा उजवा हात कसा गेला याच्या नांदूरघाटात तीन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं बैलानं तुडवला, कुणी म्हणतं चुन्याच्या हौदात सडला, आणि गावचे मोठे जमीनदार आप्पाराव यांच्या घरचे तर म्हणतात की असा कुणी माणूसच नव्हता. तिन्ही साफ खोट्या. तो हात ठेचला तेव्हा मी पाच पावलांवर उभा होतो, म्हणून आता मला सांगू द्या.

मी त्रिंबक. निजामाच्या राज्यात, बोलपट यायच्या आधी, मी गावोगाव सिनेमाचं मशीन फिरवायचो. हातानं दांडा फिरवायचा, गॅसच्या दिव्यासमोरून फीत सरकायची आणि पांढऱ्या कापडावर देव चालायला लागायचे. फीत दिव्यासमोर जराशी जरी अडली तरी भडका उडायचा. त्या हिवाळ्यात नांदूरघाटला आप्पारावांच्या कापसाच्या वखारीत, दारं लावून, भरदुपारी खेळ चालले होते. चित्र देवाचं. लोक जोडे बाहेर काढून आत यायचे, पडद्यापुढं नारळ फोडायचे.

मशीनबरोबर आलेलं विलायती तेल संपलं. केजच्या शिंप्याकडं शिवणयंत्राचं तेल मागितलं, तर त्याचीही बाटली कोरडी. मग मी घाण्यावरचं करडीचं तेल घातलं. मूर्खपणा माझाच. आठ दिवसांत मशीन आखडलं, दांडा दोन्ही हातांनी रेटावा लागे. नवव्या दिवशी फीत अडली आणि पेटली. माझ्या भुवया जळाल्या, एका म्हातारीच्या लुगड्यानं पेट घेतला, आणि लोकांनी मला काठ्यांनी झोडपलं. "द्येव जाळलास व्हय रं!" म्हणत एकानं दगड घातला, तो इथं, कानामागं. आप्पारावांनी वर बजावलं, "पुन्यांदा असं झालं तर मशीनसंगं तुला बी जाळीन बे."

त्या गडबडीत मशीनचा चामडी पट्टाही तुटला होता. चाकासकट तो घेऊन मी गावाबाहेर म्हाळूकडं गेलो. म्हाळू मेलेली जनावरं ओढून न्यायचा, कातडं कमवायचा. गावच्या विहिरींवरच्या, पाणी उपसायच्या साऱ्या चामडी मोटा त्याच्या हातच्या. पन्नाशीचा, बुटका, तोंडाचा फटकळ. चाकावरचा तपकिरी चिकटा त्यानं नखानं खरवडला आणि हसला.

"करडी घातली व्हय, मास्तर? ती आमी मोटंला चोपडतो. वाळून तिचं कातडं व्हतं, म्हून पानी गळत न्हाई. तुमी तर मशीनची मोट केली की!"

त्यानं तीन खिळ्यांना तीन तेलं लावून ते पत्र्यावर उन्हात ठेवले. करडीचं, एरंडाचं, आणि तिसरं एका बाटलीतलं, पिवळं, पातळ. चौथ्या दिवशी करडीचा खिळा बोटाला चिकटला. एरंडाचं वाळलं नव्हतं, पण रात्रीच्या थंडीनं घट्ट झालं होतं. तिसरं होतं तसंच, ओलं आणि निसरडं.

"हे बैलाच्या खुरांचं. लई येळ उकळून वरचं पातळ तेवडं काडलंय. लगामाला, आसुडाला हेच लावतो." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "पर चित्र द्येवाचं हाय, मास्तर. कुनाला कळलं तर तुमाला बी मारतील आन मला बी. बगा, तुमचं तुमी."

मी बाटली घेतली. मशीन रॉकेलनं धुऊन काढलं, ते तेल घातलं, आणि दांडा एका बोटानं फिरला. मला रडू आलं, खोटं नाही सांगत.

सहा खेळ बिनबोभाट झाले. सातव्या दिवशी आप्पारावांना दांडा फिरवायची हौस आली. कपाळाला गंध, बोटांना प्रसादाचा गूळ. मी नको म्हणायला हवं होतं, पण मालकाला नको कोण म्हणतो? दांड्यावरून तेल त्यांच्या बोटांवर आलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या घोडीच्या लगामाला तोच वास यायचा.

"कसलं तेल हाय बे हे?"

"एरंडाचं, मालक."

"खोटं कावून बोलतो बे?"

पहिली लाथ पोटात बसली. मला फरफटत उन्हात आणलं. मग आसूड. पहिल्या फटक्याला सदरा फाटला, दुसऱ्याला पाठ. "कुनी दिलं?" तिसऱ्या फटक्याला मी म्हाळूचं नाव घेतलं. तिसऱ्याच.

पंधरा-वीस जण धावले. त्यांनी म्हाळूचं छप्पर पेटवलं, कातडी भिजवायचे रांजण फोडले, त्याच्या बायकोला, भिवराला, केसांना धरून दाराबाहेर फेकलं. म्हाळूला दोरानं बांधून ओढत आणलं. तोंडातून रक्त, एक डोळा बंद.

"ह्या मास्तरला ठावं व्हतं का, तेल कशाचं ते?" आप्पारावांनी त्याला विचारलं.

रॉकेलचा डबा कुणीतरी माझ्या पायाशी आणून ठेवलाच होता. म्हाळूनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचं नाव कुणी सांगितलं हे त्याला कळलं होतं. दुसरं सांगणार तरी कोण?

"न्हाई, मालक," तो म्हणाला. "मी एरंडाचं म्हून दिलं. फशिवलं त्येला."

आप्पाराव माझ्याकडं वळले. "खरं हाय का बे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

जमावानं म्हाळूचा उजवा हात वखारीच्या पायरीवर दाबून धरला आणि कापूस तोलायच्या लोखंडी वजनानं ठेचला. बोटं सपाट होईपर्यंत. पहिल्या घावाला तो ओरडला, नंतर त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही. मला कुणी पाणी दिलं, कुणी पाठीला हळद लावली. फसवला गेलेला माणूस ना मी!

मशीनवर गोमूत्र शिंपडलं आणि दुसऱ्या दुपारी खेळ झाला. आतलं तेल पुसायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, मीही पुसलं नाही. फीत कुठंही अडली नाही.

चार महिन्यांनी वडवणीच्या बाजारात म्हाळू समोर आला. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मी तोंड चुकवत होतो, तर त्यानंच हाक मारली. वाटलं, आता थुंकेल. थुंकायलाच हवं होतं.

"मास्तर, तेल पुरतंय का?" त्यानं विचारलं. "भिवराला शिकवलंय उकळायला."

मी बाजार टाकून पळालो.