ऑस्टिन गाडी आणतोय

ऑस्टिन गॉहन आळशी नव्हता, कंजूषही नव्हता. त्याला फक्त योग्य वेळेची वाट बघायची खोड होती, आणि त्या खोडीने त्याचं वाटोळं केलं. शाळेत होता तेव्हा बापाने त्याला कोकरं देऊन बेलमुलेटच्या बाजारात पाठवलं. सकाळी भाव बरा होता. ऑस्टिनला वाटलं, दुपारी आणखी चढेल. दुपारी व्यापारी आपापल्या गाड्या भरून निघून गेले आणि हा सगळी कोकरं हाकत पावसातून घरी परत आला. पुढच्या बाजाराला बापाने धाकट्या मार्कसला पाठवलं. मार्कसने पहिल्या भेटलेल्या माणसाला कोकरं विकली, चिप्स खाल्ल्या आणि दुपारच्या आत घरी येऊन झोपला.

त्यांचं घर आणि माझं घर यांच्या मध्ये एक शेत आणि एक मोडकं फाटक आहे. फाटक दुरुस्त करायचं ऑस्टिनने ठरवलं होतं. मग तो इंग्लंडला गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. फाटक अजून तसंच आहे.

तिकडे त्याने जन्मभर बोगदे खणले. लुटनमध्ये एका खोलीत राहिला. लग्न केलं नाही. तिथेही योग्य वेळच आली नसावी. दर ऑगस्टमध्ये पंधरा दिवस यायचा आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणायचा, "पुढच्या वर्षी कायमचा येतो बघ, ब्रीजी." आधी त्याची आई हे ऐकून रडायची, मग हसायची, मग ती गेली. पण एक सांगायलाच हवं. गॉहनांच्या घरावरचं छप्पर ऑस्टिनच्या पैशाचं आहे, आणि मार्कसच्या शेगडीत जळणाऱ्या पीटचे, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचे, पैसेही दर हिवाळ्यात लुटनहूनच यायचे.

आमच्या एरिस भागात समुद्रापलीकडच्या इंग्लंडहून परत येणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या गाडीवर ठरते. पूर्वी ऑगस्टमध्ये चर्चबाहेर इंग्रजी नंबरच्या गाड्यांची रांग लागायची, आणि जे बसने आलेले असत ते प्रार्थना संपायच्या आधीच मागच्या दाराने सटकायचे. ऑस्टिन नेहमी बसने यायचा. तोही मागच्या दारानेच जायचा.

मग मार्कसची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा त्याला कॅसलबारच्या हॉस्पिटलात डायलिसिसला जावं लागे. सरकारी टॅक्सी यायची, पण ती वाटेत आणखी दोघांना उचलायची. मार्कसचा खुबा आधीच दुखरा. मागच्या बुटक्या सीटवर अंग मुडपून बसायचं, चार तास मशीनला, पुन्हा अंग मुडपून परत. मी माझ्या डबड्यातून दोनदा नेऊन पाहिलं. त्यात तो टॅक्सीपेक्षाही जास्त कण्हला.

"बस झालं ग," तो मला त्या फेब्रुवारीत म्हणाला. "मी आता बंद करणार. माणसाने टॅक्सीत मरू नये."

मी भांडी आपटली. त्याच दिवशी मी लुटनला फोन लावला.

"ऑस्टिन, तुझा भाऊ उपचार सोडतोय."

तो म्हणाला, "त्याला सांग, मी येतोय. कायमचा. उंच सीटची गाडी घेऊन येतोय. टॅक्सीचं तोंड बघावं लागणार नाही त्याला."

आणि खरंच त्याने गाडी घेतली. जुनीच, पण चांगली जपलेली. निळी, पुढची सीट उंच, मार्कससारख्या माणसाला वाकावं लागू नये अशी. हे मार्कसला सांगितलं तर तो चक्क हसला. टॅक्सीवाल्याला म्हणाला, "तुझे दिवस भरले. ऑस्टिन गाडी आणतोय." त्यानंतर त्याने बंद करायची भाषा केली नाही. मशीनला लावून घेताना नर्सलाही तेच सांगायचा. तो ऑस्टिनसाठी थांबला होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

पण गाडी घेतली म्हणजे आणता येते असं थोडंच आहे? इंग्लंडची जुनी गाडी इकडे आणून नोंदवायची तर जकात, विक्रीकर आणि नोंदणीचा कर असं सगळं मिळून गाडीच्या निम्म्या किमतीला जातं. मात्र जो माणूस तिकडचं बिऱ्हाड मोडून कायमचा इकडे राहायला येतो, त्याची गाडी आधी सहा महिने त्याच्या नावावर असली, तर सगळं माफ. ऑस्टिनला हे पबमध्ये कोणीतरी सांगितलं. झालं! त्याला आवडणारी गोष्टच सापडली: ज्याची वाट बघायची अशी एक तारीख.

"ऑगस्टपर्यंत, ब्रीजी," तो फोनवर म्हणाला. "ऑगस्टपर्यंत फक्त."

मी मार्कसला निरोप दिला. तो चहात पाव बुडवत होता. म्हणाला, "गाडी नको म्हणावं. बसने ये म्हणावं. टॅक्सीत माझ्या शेजारी बसलास तरी चालेल म्हणावं."

मी शब्दन् शब्द तसाच पोचवला. ऑस्टिन म्हणाला, "वेडाय तो. इतके पैसे हकनाक घालवायचे? तेवढ्यात त्याचं न्हाणीघर होईल, बसून अंघोळ करता येईल असं. सांग त्याला."

तेही मी पोचवलं. मार्कस म्हणाला, "हा यमाला पण सांगेल, जरा दम धर, भाव उतरू दे." आणि पाव खाल्ला.

मार्च गेला, मे गेला. मार्कस जायचा, यायचा. त्याची मान बारीक झाली, कॉलर मोठी दिसायला लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने मला पुढची खोली झाडायला लावली, ऑस्टिनच्या पलंगावर नवी चादर घालायला लावली. फाटकातून निळी गाडी आत येईल का, हे काठीने मोजून आला. मी म्हटलं, फाटकच मोडकं आहे, विमानसुद्धा येईल आत.

आणि ऑस्टिनचा फोन आला. आवाजावरूनच मला कळलं की घोडं कुठेतरी अडलंय.

"ब्रीजी, एक घोटाळा झालाय."

त्याने गाडी घेतली त्या दिवशी तिला अंगणात उभी केली आणि वर ताडपत्री घातली. सहा महिने तिला हात लावला नाही. कमी पळालेली गाडी चांगली, मार्कससाठी नवीकोरी राहील, असा हिशेब. विमासुद्धा जुलैत उतरवला. उभ्या गाडीला विमा कशाला? आता इकडच्या गाड्यांच्या नोंदणी कचेरीतल्या बाईने फोनवर सांगितलं होतं, की गाडी नुसती नावावर असून भागत नाही. सहा महिने तुम्ही ती तिकडे वापरली पाहिजे, आणि वापरल्याचा पुरावा पाहिजे. विमा, दुरुस्तीच्या पावत्या, काहीतरी. ऑस्टिनकडे ताडपत्रीची पावती होती.

"मग?"

"मग जुलैपासून धरायचं. म्हणजे जानेवारी."

"अरे गाढवा," मी म्हटलं, "कर भर आणि ये. नाहीतर खड्ड्यात घाल ती गाडी आणि ये."

"सहा महिने थांबलोच आहे ना? आता सोडलं तर थांबलेलं सगळं फुकट जाईल."

मी फोन ठेवला. मला त्याचा भयंकर राग आला होता. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, हा पैशाचा प्रश्न नव्हताच. इतक्या वर्षांनी कायमचं परत यायचं, ते पुढच्या दाराने यायचं, स्वतःच्या गाडीतून, सगळे कागद चोख असलेल्या. ऑस्टिनला घरी यायची भीती वाटत होती, आणि सरकारने त्या भीतीला एक कायदेशीर कारण दिलं होतं.

मार्कसला मी सांगितलं. तो उठून पुढच्या खोलीत गेला आणि पलंगावरची चादर घडी करून कपाटात ठेवली.

तो नोव्हेंबरपर्यंत गेला टॅक्सीने. मग एका बुधवारी टॅक्सीवाला भोंगा वाजवत राहिला आणि मार्कस शेगडीपाशी टोपी घालून तसाच बसून राहिला. मी धावत गेले. तो म्हणाला, "त्याला सांग, जा म्हणून. बाकीच्या दोघांना उशीर होतोय." डॉक्टर आल्या, त्यांनी समजावलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. आठवडा, दहा दिवस, डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाल्या.

दोन दिवस मी मार्कसला विनवलं, मग शुक्रवारी संध्याकाळी ऑस्टिनला फोन केला. "आत्ता निघ."

"जानेवारीपर्यंत त्याला कसंतरी—"

"ऑस्टिन!"

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी आत्ता तिकडे आलो तर सहा महिने मोडतात का ग? पुन्हा पहिल्यापासून धरतात का? एकदा कचेरीत विचारून घेतो. शुक्रवार आहे, बंद झाली असेल. सोमवारी सकाळी उघडल्याबरोबर विचारतो आणि निघतो."

मी ओरडले, शिव्या दिल्या, मेलेल्या आईची आण घातली. "सोमवारी," तो म्हणत राहिला. रडत होता, तरी सोमवारीच म्हणत होता.

मार्कस रविवारी दुपारी गेला. डॉक्टरांनी आठवडा म्हटलं होतं ते मार्कसने चार दिवसांतच उरकलं. त्याला कशाचीच वाट बघायची सवय नव्हती. शेवटी शुद्धीत असताना त्याने मला विचारलं होतं, "निळीच आहे ना?" मी म्हटलं, हो, निळीच.

ऑस्टिन सोमवारी संध्याकाळी विमानाने नॉकला उतरला. त्याने कचेरीत फोन केला होता की नाही, मी विचारलं नाही. घरी मार्कसला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, त्याच पलंगावर, त्याच चादरीवर. लोक येत होते, हात मिळवत होते, "तुझ्या दुःखात सहभागी आहे" म्हणत होते, सँडविच खात होते. ऑस्टिन प्रत्येकाला सांगत होता, "मी गाडी घेतली होती त्याच्यासाठी." दुसऱ्या दिवशी दफनाला, शवगाडीच्या मागे सर्वांत जवळच्या नातलगाची गाडी असते. जवळचा नातलग माझ्या डबड्यात बसला, गुडघे छातीशी घेऊन. मागे कोणीतरी म्हणालंच, "गाडी येईल की जानेवारीत, वरातीमागून घोडं." मी वळून असं बघितलं की तो माणूस आमच्याकडे चहालाही आला नाही.

आणि गाडी आली जानेवारीत. लुटनची खोली सोडून, सगळं सामान मागे घालून ऑस्टिन बोटीने आला. आता तिकडेही त्याचं काही उरलं नव्हतं. नोंदणीच्या कचेरीत गाडी दाखवायला जायचं तेव्हा त्याने मला बरोबर नेलं. एकट्याने जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पुढची सीट पार मागे सरकवलेली होती, मार्कसच्या खुब्याच्या मापाने. माझे पाय अधांतरी लोंबत होते.

काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले. विमा, पावत्या, सोडलेली खोली, सगळं चोख. ती खूश झाली. म्हणाली, इतकी व्यवस्थित फाइल रोज येत नाही. मग तिने विचारलं, "कायमचं परत येण्याचं कारण?"

ऑस्टिन म्हणाला, "भाऊ आहे. त्याला हॉस्पिटलात न्यायला लागतं."

मी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. तिने मान हलवली आणि लिहून घेतलं. सहजच म्हणाली, "मग मधे भेटायला यायचात की नाही? पाहुणे म्हणून ही गाडी घेऊन आला असतात तरी चाललं असतं. भेटीगाठींनी काही बिघडत नाही."

ऑस्टिनने टेबलाची कड धरली. ती पुढचं सांगत होती, की करमाफी मिळालेली गाडी वर्षभर विकता येत नाही, कोणाला वापरायला देता येत नाही. नाहीतर सगळा कर भरावा लागतो. तो हो, हो म्हणत होता. त्याला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. त्याने किल्ली फिरवली नाही.

"ब्रीजी, मी इथे राहू शकत नाही ग. त्या घरात मला झोप लागत नाही. परत जातो. ही विकून टाकतो आणि जातो."

"जा," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "आज वीक. कर भर आणि उद्या जा."

माझे पाय पोचत नव्हते म्हणून मी सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली. तो एकदम म्हणाला, "राहू दे, राहू दे ती तशीच."

"मार्कस मेलाय, ऑस्टिन."

त्याने मान हलवली. मग गाडी सुरू केली. बँगर गावाच्या पुढे, पीटची उघडी रानं लागल्यावर, त्याने समोर बघतच विचारलं, "वर्षभर म्हणाली ना ती?"

"हो."

"मग वर्षभर थांबायला हवं," तो म्हणाला. "जानेवारीपर्यंत फक्त."