चौथी सोंगटी

लिन गेल्याचं मला सुपरमार्केटच्या रांगेत कळलं. हातात कोथिंबिरीची कुंडी होती, मागची बाई ट्रॉली पुढे ढकलत होती आणि फोनवर हेंकचा निरोप आला. हेंक म्हणजे आमच्या गो क्लबचा म्हातारा चिटणीस. निरोप नेहमीसारखाच नीटनेटक्या डचमध्ये होता. त्यातला ‘ओव्हरलेडन’ हा शब्द मला ठाऊक होता. डच परीक्षेच्या पुस्तकात, नगरपालिकेला काय काय कळवायचं असतं त्या धड्यात, तो जन्म, लग्न आणि घरबदल यांच्या शेवटी येतो. दीड महिन्यापूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, थालिपिठाला सोया सॉस लावून खाऊन गेलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा चीनमधल्या एका इस्पितळात वारला होता. वाईट नंतर वाटलं. आधी आला तो राग. कारण जाताना तो मला निराळंच सांगून गेला होता. तिकडच्या एका संघानं परत बोलावलंय ताई, पुन्हा खेळायला चाललोय, असं म्हणाला होता.

आम्ही बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरात राहायला आलो तेव्हा मुलीसाठी, रेवासाठी, मी जवळपासचे सगळे क्लास शोधून काढले होते. शेजारच्या अॅमस्टलव्हेनमध्ये एक चिनी खेळाडू मुलांना गो शिकवतो असं कळलं, तोच लिन. रेवा थोडे दिवस गेली आणि कंटाळली. तिला सोडायला-आणायला जाणारी मी मात्र चिकटले. गो म्हणजे रेघांचा पट. एकानं काळ्या आणि दुसऱ्यानं पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीनं ठेवायच्या आणि जास्तीत जास्त जागा वेढायची. जी सोंगटी पुरती वेढली गेली ती मेली. समोरचा तुमच्याहून तरबेज असेल तर तुमच्या काही काळ्या सोंगट्या आधीच पटावर मांडून देतात आणि मग पहिली चाल पांढऱ्याची. लिन मला सुरुवातीला नऊ देत असे. ओळीनं तीनदा जिंकलात की एक कमी होते. त्या एकेका सोंगटीसाठी माणसं वर्षं घालवतात आणि मीही घातली. दर बुधवारी दुपारी तो सायकलवरून घरी यायचा. बोलणं सगळं इंग्रजीत, त्यात ‘ताई’ एवढंच मराठी मी त्याला शिकवलेलं.

माझी एकच अट होती. नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांचं या देशात फार कौतुक होतं. दुकानात एक वाक्य डचमध्ये बोललं की समोरची बाई लहान मुलाला म्हणावं तसं छान छान म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलते. मी सायकल शिकले तेव्हा शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. समीर, माझा नवरा, कॅरममध्ये माझ्यासाठी क्वीन सोडतो आणि सोडली नाही असा चेहरा करतो. लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात ना, त्याच्यावर राज्य येत नाही, तो सापडला तरी धरत नाहीत... तशी मी, पस्तिशीतलं कच्चं लिंबू. लिनला मी हे सगळं समजावून सांगितलं आणि बजावलं, माझ्याशी हातचं राखून खेळायचं नाही. तो हसला नाही. म्हणाला, “पटावर खोटं बोलता येत नाही, ताई. बोललंच तर नंतर दिसतं.” दिसायचं, कारण डाव संपला की उठायचं नाही ही त्याची शिस्त होती. सगळ्या सोंगट्या उचलायच्या, तोच डाव पहिल्या चालीपासून आठवून पुन्हा मांडायचा, आणि कोणती सोंगटी कुठे का ठेवली ते खरं खरं सांगायचं. तिकडे लहान मुलं असंच शिकतात म्हणे. मला सुरुवातीला पाच चालीही आठवत नसत. तो न चिडता थांबायचा. पुढे अख्खा डाव आठवू लागला.

त्याची स्वतःची गोष्ट त्यानं कितीतरी महिन्यांनी, असाच एक डाव मांडता मांडता सांगितली. सातव्या वर्षी त्याला घरापासून लांबच्या शहरात गोच्या शाळेत ठेवलं होतं. एका खोलीत आठ मुलं आणि उठल्यापासून झोपेपर्यंत पट. व्यावसायिक खेळाडू व्हायचं तर तिथे परीक्षेसारखी स्पर्धा असते. ढीगभर मुलं बसतात, मोजकी निवडली जातात. हा तेराव्या वर्षी निवडला गेला. गावच्या वर्तमानपत्रात फोटो आला, वडिलांनी कारखान्यात मिठाई वाटली. वर्षभरानं त्याच्या खोलीतल्या जिवलग मित्रानं हसत हसत सांगितलं, शेवटच्या फेरीतला तो डाव मी तुला सोडला होता. मित्राची निवड आधीच पक्की झाली होती, याची राहिली होती. “त्यानं प्रेमानंच केलं,” लिन म्हणाला. “पण मग पुढे काहीही जिंकलं की वाटायचं, हेही कुणी सोडलं असेल. हरलो की वाटायचं, माझी खरी लायकी हीच.” त्या मित्राशी तो पुन्हा बोलला नाही. काही वर्षं मोठ्या संघाकडून खेळला, दर्जाही वाढला, मग त्याच्याहून लहान मुलं येऊन त्याला हरवू लागली आणि संघानं त्याला वगळलं. विशी ओलांडते न ओलांडते तोच तिकडे माणूस म्हातारा होतो. म्हणून तो इकडे शिकवायला आला. ज्या वसंतात संगणकानं एका दिग्गज गो खेळाडूला हरवलं, तेव्हा आमच्या क्लबात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. लिन तेवढा खुशीत होता. “हे यंत्र निदान कुणाची कीव करत नाही,” तो म्हणाला.

शेवटचा बुधवार सप्टेंबरातला. तो वाळलेला दिसत होता. मी म्हटलं, “अरे, काय डाएट वगैरे करतोयस की काय?” तर म्हणाला, स्पर्धेची तयारी. आम्ही चार सोंगट्यांवर खेळलो. चारवर मी बरेच दिवस अडकले होते. दोनदा ओळीनं जिंकायचे आणि तिसऱ्या वेळी तोंडावर पडायचे. ही तिसरी वेळ होती. आणि मी जिंकले. हार मान्य करताना दोन सोंगट्या पटाच्या कडेला ठेवायची रीत आहे, तशा त्यानं शांतपणे ठेवल्या आणि म्हणाला, “पुढच्या वेळी तीन, ताई.” मला काय करू नि काय नको असं झालं. शिरा केला. पुण्याला आईला फोन करून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं देवापुढे साखर ठेवली. या गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. त्या दिवशी आम्ही डाव पुन्हा मांडला नाही. सामान बांधायचंय म्हणाला, परत आलो की मांडू. पट आणि सोंगट्यांच्या वाट्या माझ्याकडेच ठेवल्या. मी त्याला विमानात खायला चिवडा बांधून दिला.

तो वारल्यावर काही दिवसांनी त्याच्या मोठ्या बहिणीनं हेंककडून माझा नंबर घेऊन व्हिडिओ कॉल केला. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येतं. रक्ताचा कॅन्सर होता. त्याला ते उन्हाळ्याआधीच कळलं होतं. कुठल्याही संघानं बोलावलं नव्हतं. “इस्पितळात तुमचंच सांगायचा,” ती म्हणाली. “माझी ताई आता तीनवर आली, असं नर्सलासुद्धा सांगायचा.” मी खूप रडले त्या दिवशी. आजार लपवला हे मी त्याला माफ करून टाकलं. आजार ज्याचा त्याचा असतो. कुणाला सांगावा, कुणाला नाही, हे त्यानं ठरवायचं. मग वाटलं, राहिलेलं काम तेवढं पुरं करावं. पट काढला आणि तो शेवटचा डाव आठवून एकटीनं मांडू लागले.

अर्ध्याच्या पुढे गेले आणि हात थांबला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या काळ्या सोंगट्यांची एक फळी होती. त्या दिवशी मला ती भक्कम वाटली होती. ती भक्कम नव्हती. पांढऱ्याची एक सोंगटी आत पडली असती तर सगळा कोपरा मेला असता आणि डावही गेला असता. ही मांडणी लिननंच मला पहिल्या वर्षी शिकवली होती, इतक्या वेळा की मी वैतागले होते. चाल त्याची होती. आणि त्यानं सोंगटी ठेवली ती पार दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा तिथेच आले. दुसऱ्या दिवशी हेंकला बोलावून दाखवलं. तो चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “लिनच्या नजरेतून हे सुटणार नाही, मानसी. तो झोपेत असता तरी नाही.”

समीरचं म्हणणं वेगळं. “अगं, जाताना तुला एक चांगली मेमरी देऊन गेला तो. तू इतकं पर्सनली का घेतेयस?” मी म्हटलं, “मग कसं घेऊ?” त्यानं विषय बदलला. कसं सांगू याला... इथे एकच जागा अशी होती जिथे कुणी माझं कौतुक करत नव्हतं. मी मारली तर मारली, मेले तर मेले. नऊच्या आठ झाल्या, आठच्या सात, त्यातली एकेक मी स्वतः कमावलेली. आता त्याही खऱ्या होत्या की नाही, मला कळायला मार्ग नाही. म्हणजे त्याच्याही लेखी शेवटी मी कच्चं लिंबूच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण सोडलेला डाव माणसाचं काय करतो हे ज्याला पुरतं ठाऊक होतं, ज्यानं त्यापायी जिवलग मित्र तोडला, त्यानंच माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. तो निदान मित्राशी बोलणं टाकू शकला. मला त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

मागच्या बुधवारी दुपारी, त्याच्या यायच्या वेळेला, मी तो डाव पुन्हा त्या चालीपर्यंत मांडला. त्याच्या वाटीतली एक पांढरी सोंगटी घेतली आणि त्यानं जिथे ठेवायला हवी होती तिथे ठेवली. कोपरा मेला. पुढे मोजत बसले नाही; माझ्या दोन काळ्या सोंगट्या पटाच्या कडेला ठेवल्या. मग सगळ्या उचलल्या, पट पुसला आणि नव्या डावासाठी मांडला. तीन नाही, चार सोंगट्या ठेवल्या. चौथी ठेवताना हात जरा जोरातच पडला. पांढऱ्या सोंगट्यांची वाटी झाकण काढून त्याच्या बाजूला सरकवली. पट अजून टेबलावर तसाच आहे, आम्ही जेवायला ताटं मांडीवर घेतो. पहिली चाल त्याची आहे.