घरच्या अर्थिंगची तपासणी

आमच्या कॉम्प्युटरचा स्फोट झाला तेव्हा माझी धाकटी जाऊ उंटाच्या आवाजात बोलत होती.

स्फोट हा शब्द तिचा. खरं तर फट् असा आवाज झाला, कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून जरासा धूर आला आणि जळका वास खोलीभर पसरला. ती अजून उंटच होती. मान लांब करून, त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मी काही नाही केलं." मला हसू आवरेना. मग काळा पडलेला स्क्रीन दिसला आणि मी आधी प्लग काढला.

आम्ही दोघी कळसूत्री बाहुल्यांच्या छोट्या गोष्टी रेकॉर्ड करायचो. ती जुन्या साड्यांच्या बाहुल्या शिवायची, गोष्टी मी लिहायची. आम्ही राहतो हिंदी मुलखात; आमच्या आनंद नगरातली मराठी घरांतली मुलं "माझा पेन गुमला" असलं मराठी बोलतात. त्यांनी निदान चांगलं मराठी ऐकावं तरी, एवढाच हेतू. मी इथल्याच तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, नागपूरहून आलेल्या कुटुंबात वाढले. ती ग्वाल्हेरची. तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते. तिचा उंट मात्र शुद्ध बोलायचा, कारण त्याची वाक्यं माझी असायची.

कॉम्प्युटरही आम्हीच जोडला होता. व्हिडिओ बघून, जेवणाच्या टेबलावर, एकेक स्क्रू लावत. पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आमचे दोघींचे नवरे ऑफिसात होते, म्हणून सासूबाईंनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर कॅबिनेट दोघींच्या मध्ये धरून आम्ही टी. टी. नगरला गेलो, जिथून सामान घेतलं होतं त्या दुकानात. दुकानदाराने एकेक पार्ट काढून दुसऱ्या मशीनवर लावून बघितला. हार्ड डिस्क वाचली होती, म्हणजे आमच्या सगळ्या गोष्टी शाबूत होत्या. जावेने तिथल्या तिथे हात जोडले. पण एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कमी करून आतल्या पार्ट्सना पुरवणारा डबा, तो फुटला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही घेऊन गेला होता.

"एसएमपीएस बदलून मिळेल," दुकानदार हिंदीत म्हणाला. "बाकीचं विसरा. बोर्डवाले म्हणतील आमच्या मालात दोष नव्हता, कार्डवालेही तेच म्हणतील."

तसंच झालं. दोन्हीकडून नकार आला. पण एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, की यात काही बिघाड झाला तरी जोडलेल्या पार्ट्सना धक्का लागणार नाही, ही कंपनीची हमी. जावेने ते खोकं काखेत मारलं आणि आम्ही त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो.

तिथले मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून बसलेले, बोलायला अगदी नरम. त्यांनी खोकं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मैडम, घर की वायरिंग में गड़बड़ होगी। अर्थिंग कभी चेक करवाई है?"

मी काही बोलणार एवढ्यात जाऊ पुढे वाकली. तिचा चेहरा उजळला होता.

"सर," ती म्हणाली, "आप हमारे ससुर जी से मिले नहीं हैं।"

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी आमच्या घराजवळच्या वीज-यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात झाली. निवृत्त होऊन घर बांधलं, तेव्हा फरशी कुठली, रंग कुठला, हे सगळं त्यांनी सासूबाईंवर सोडलं. स्वतः मागच्या अंगणात खड्डा खणत उभे राहिले. विजेला जमिनीत सुरक्षित उतरायला वाट हवी, म्हणून तांब्याची पाटी, कोळसा, मीठ, असे थर घालून त्यांनी अर्थिंग करून घेतलं. उन्हाळ्यात रोज त्यात तांब्याभर पाणी घालायचे. "मोगरा वाळला तरी चालेल, यांचा खड्डा न्हाला पाहिजे," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. इतकी वर्षं त्या खड्ड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"तुम्ही माणूस पाठवा," जाऊ मॅनेजरना म्हणाली. "अर्थिंग खराब निघालं तर आम्ही पुन्हा येणार नाही. चांगलं निघालं तर सगळे पार्ट्स द्या." ते हसले, वरिष्ठांना फोन केला, बराच वेळ "जी, जी" केलं, आणि तपासणीला कुणीतरी येईल असं कबूल केलं.

घरी येऊन हे सांगितलं तर सासरे खुर्चीतून उठलेच.

"तपासायला येणार? आपलं अर्थिंग? कोण? कधी?"

"शनिवारी, बाबा."

त्यांनी खड्ड्याचं झाकण घासून रंगवलं. भोवतालचं गवत काढलं. शनिवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे राहिले. "अहो, मुलगी बघायला येताहेत का?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या स्वतः मात्र पोहे भिजवून, नवा ट्रे काढून बसल्या होत्या.

स्कूटरवरून एक तरुण मुलगी आली. हेल्मेट काढून, पाठीवरच्या पिशवीतून मीटर काढत तिने नमस्कार केला. बाबांना कुणीतरी पोक्त इंजिनिअर अपेक्षित होता. क्षणभर ते तिच्या मागे रस्त्यावर बघत राहिले, मग "या, या, बेटा" म्हणत तिला थेट मागच्या अंगणात घेऊन गेले.

तिने आधी आमच्या खोलीतल्या प्लगवर मीटर लावला, मग बाकीच्या खोल्यांत. मग अंगणात दोन खुंट्या ठोकून, वायरी पसरून खड्डा मोजला. बाबा दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तिने आकडा पाहिला, परत मोजला आणि वळून म्हणाली, "सर, इतनी बढ़िया अर्थिंग तो हमारे सेंटर में भी नहीं है। किसने की?"

बाबा झाकण सारखं करायला म्हणून खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग जे बोलायला लागले ते पोहे संपले, चहा झाला, तरी थांबले नाहीत: कोळसा कसा निवडला, मीठ किती, पाटी उभी का गाडली. ती मुलगीही खरोखर ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं नुसता खड्डा आहे."

मग तिने आमच्यासमोर फुटलेला डबा उघडला. आत सोल्डरिंगचा एक टाका नीट बसलेलाच नव्हता. त्याच्या शेजारचं सगळं करपलं होतं. तिने फोटो काढले आणि म्हणाली, दोष डब्यातच आहे, तसंच लिहून देते.

तरी लगेच काही मिळालं नाही. मुख्य ऑफिसने आणखी फोटो मागवले. त्यातल्या एकात बाबा खड्ड्याशेजारी छाती काढून उभे आहेत. कंपनीला त्याची गरज नव्हती, पण तोही पाठवला. पुन्हा मेल, पुन्हा फोन. एकदा तर साफ नकार आला. जावेने तेव्हा फोनवर अशी काही गोड हिंदी लावली, की पलीकडचा माणूस शेवटी तिलाच "दीदी" म्हणायला लागला. अखेर मंजुरी आली. नवा एसएमपीएस, तसाच मदरबोर्ड, आणि आमचं ग्राफिक्स कार्ड आता बनत नाही म्हणून त्याच्या वरचं!

ऑटोत ती खोकी जावेने मांडीवर घेतली होती. रायसेन रोडवर प्रत्येक गतिरोधकाला ती ड्रायव्हरला "भैया, धीरे" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी हसत होती.

जेवणाचं टेबल पुन्हा रिकामं केलं. या वेळी सगळे घरात होते. आमचे नवरे, दोघे भाऊ, स्क्रू हातात द्यायला उभे, आणि चुकीचे देत होते. बाबांनी प्लग स्वतः लावला. मी बटण दाबलं. एक क्षण काहीच नाही, मग आतले पंखे फिरायला लागले, हळू, मग वेगाने. जाऊ फरशीवरच बसली आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाईंनी सगळ्यांच्या तळहातावर साखर ठेवली. त्या संध्याकाळी आम्ही काहीच रेकॉर्ड केलं नाही. नुसते टेबलाभोवती बसून बोलत राहिलो, आणि पंखे चालू ठेवले.