एका हातात मावणारं पत्रक

बाबा रेल्वेत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. जयपूरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरच. आईने सीतापुऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी जेवणाचे डबे सुरू केले, तेव्हा वेबसाइट अर्थातच बाबांनी केली. घरच्या कॉम्प्युटरवर ती भारदस्त दिसे. डावीकडे ताज्या अन्नाच्या हक्कावर मोठा मजकूर, मधे भाज्या आणि उजवीकडे अगदी टोकाला ऑर्डरचं बटण.

ऑर्डर मात्र येईनात. आई रोज जास्तीची भाजी करायची आणि ती आम्हीच संपवायचो.

मी साइट माझ्या फोनवर उघडून बाबांसमोर धरली. अक्षरं मुंग्यांएवढी होती आणि बटण पडद्याबाहेर गेलं होतं.

"बोटांनी मोठं करता येतं की. वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत," बाबा म्हणाले.

"दिवसभर कष्ट करूनच तो बसमध्ये चढतो, बाबा. त्याच्याकडे फक्त फोनच आहे. म्हणजे त्याला आपण दाराबाहेरच ठेवलं."

"लोकांना जेवायचंय हो," आई म्हणाली, "परीक्षा नाही द्यायची."

मी त्यांच्या एका हातात फोन दिला, दुसऱ्यात भाजीची पिशवी. "आता ऑर्डर द्या. गेटमधून बाहेर पडणाऱ्या कामगाराला एका हातात धरून वाचता येईल तेच खरं पत्रक, असं तुम्हीच सांगायचात."

बाबा पिशवी ठेवून कॉम्प्युटरवर बसले. संध्याकाळपर्यंत फोनवर साइट उघडली की आजची भाजी आणि खाली मोठं बटण, एवढंच समोर येऊ लागलं.

त्या आठवड्यात आमच्यासाठी भाजी उरलीच नाही. "हक्काचा मुद्दा लोकांना पटला," बाबा म्हणाले. तो मजकूर त्यांनी पानाच्या अगदी तळाशी, बटणाच्याही खाली ठेवला होता.