कशानं सुटली

हल्ली लोक मला विचारतात, कशानं सुटली हो तुमची? जशी काय माझी साडेसाती सुटली. बाजारात विचारतात, रिक्षा स्टँडवर विचारतात, एकदा तर एकाच्या दहाव्याला विचारलं. विचारणारी बहुतेक बाई असते, खालच्या आवाजात बोलते, आणि तिच्या घरात कोणीतरी पितंय हे तिनं न सांगता कळतं. तिला एका औषधाचं नाव हवं असतं. मी तिला डॉक्टरांचा पत्ता देतो, शुक्रवारच्या मीटिंगचं सांगतो आणि बजावतो की बाई, जे काय द्याल ते त्याला सांगून द्या. ती मान हलवते. पण लक्ष सगळं माझ्या तोंडावर किती तजेला आलाय ते बघण्यात. मग माझं डोकं फिरतं आणि मी काहीतरी काम काढून सटकतो.

मी मूळचा औंढ्याचा. लोणावळ्यातल्या बंगल्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. शनिवार-रविवारी पाहुणे येऊन जातात आणि सोमवारी मी गीझर, पंप, उडालेले फ्यूज बघायला जातो. जाताना ही माणसं फ्रीजमध्ये अर्ध्या अर्ध्या बाटल्या सोडून जायची. बंगल्याचा वॉचमन म्हणायचा, भाऊ, ओतून टाका. मी कशाला ओततोय! माझ्या पिण्यामागे दुःख वगैरे काही नव्हतं. फुकट होती आणि चांगली लागायची. पुढे सोमवारपर्यंत दम निघेना, आणि मग सकाळी घोट घेतल्याशिवाय वायर सोलता येईना, इथवर आलो.

पहिला उपाय आईनं केला. गावच्या देवळात नेऊन माझ्याकडून बेलभंडार उचलून घेतला. इंदुरीचे एक आबा माझ्या ओळखीचे आहेत, ते अशाच शपथेवर सुटले आणि परत कधी थेंबाला शिवले नाहीत. माझी शपथ दोन सोमवार टिकली. देव तोच होता, भंडाराही तोच, त्यामुळे मी कोणाच्याच उपायाला हसत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मला भलतंच व्हायला लागलं. एक ग्लास पोटात गेला की तोंड तापायचं, छातीत धडधडायचं आणि आतडी बाहेर येतील अशी उलटी व्हायची. मला वाटलं, लिव्हर गेलं. आता आपलं काही खरं नाही. मी कोणालाच बोललो नाही. भीतीनं पिणं मात्र आपोआप थांबलं. संध्याकाळी घरी बसून मी मरायच्या आधीची कामं उरकायला लागलो. सैल झालेले सगळे प्लग नवे बसवले. बायकोला एटीएममधून पैसे काढायला शिकवलं, लाइटबिल मोबाइलवरून कसं भरायचं ते दाखवलं. ती इतकी खूश होती की गुणगुणत भांडी घासायची. एका घरात आम्ही दोन माणसं, एक मरायला टेकलेला आणि दुसरी आनंदात. तेवढा एकटेपणा मला पुढे कुठल्याही बंद खोलीत वाटला नाही.

आमच्या घरात स्वयंपाकघराची भिंत छतापर्यंत जात नाही. एके दिवशी मी शिडीवर चढून वरची वायर बदलत होतो, आणि तिथून मला ती दिसली. तिनं मिठाच्या बरणीमागून कागदाची पुडी काढली, माझ्या कपात टिचकी मारून पावडर टाकली, ढवळली, चहाचा वास घेऊन बघितला आणि चमचा पदराला पुसला. मग हाक मारली, अवो, चा घ्या.

मी खाली उतरून विचारलं, हे काय आहे? ती लपवालपवी करणारी बाई नाही. सरळ म्हणाली, तुमची सुटावी म्हणून औषध. आठवड्याच्या बाजारात एकानं दिलं होतं, पिणाऱ्याला कळू न देता घाला म्हणाला होता. मला पहिल्यांदा काय झालं म्हणाल तर हसू आलं. मी मरत नव्हतो! हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला वाटलं, मी माफ केलं. मी तो कप मोरीत ओतला. पुढचे काही आठवडे बाहेरच जेवलो, आणि मग अंगातून पावडर उतरल्यावर जिवंत असल्याच्या आनंदात पोटभर प्यायलो.

पण त्यानंतर घरचं जेवण माझ्या घशाखाली उतरेना. ताटावर बसायचो, आमटीत काही तरंगतंय का बघायचो, आणि ताट सरकवून उठायचो. ती समोर बसून त्याच पातेल्यातली आमटी खायची, मला दाखवून. तरी नाही. मी बाहेर वडापाव खायचो आणि घरात स्वतःचा चहा स्वतः करायचो.

मग माझ्या थोरल्या भावानं मला व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. सकाळी गाडी आली, दोघांनी काखेत हात घातले आणि उचललं. ते केंद्र म्हणजे एक भाड्याचा बंगला होता आणि तिथले पंखे मी स्वतः लावलेले होते. तीन महिने प्रार्थना, व्यायाम, बटाटे सोलणं. तिथं कोण स्वयंपाक करत होतं मला ठाऊक नाही, पण मी ताट चाटूनपुसून खायचो. बाहेर आलो आणि पंधरवड्यात पुन्हा सुरू. शेजारच्या कॉटवरचा सोमाटण्याचा माणूस मात्र तिथंच सुटला आणि दरवर्षी पेढे घेऊन केंद्रवाल्यांच्या पाया पडायला जातो. आता सांगा, केंद्र चांगलं की वाईट?

शेवटी बायकोच मला तळेगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी रक्त तपासलं, मग समजावलं. एक गोळी आहे. ती घेतलेली असताना प्यायलात तर बेदम त्रास होईल, आणि ते तुम्हाला माहीत असणं हाच अर्धा उपचार. पण ती रोज सकाळी घरातल्या माणसानं हातावर ठेवायची आणि डोळ्यांदेखत गिळायला लावायची. बायकोच्या हातून सगळ्यात उत्तम. बायको पदराचं टोक पिळत बसली होती. मी पुडीची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, त्या पुडीत बहुतेक हीच गोळी कुटून घातलेली असणार, किती ते देव जाणे. मग तिच्याकडे वळून हळूच बोलले, "ताई, न सांगता दिली तर ह्यात माणूस जातो." तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मला तिची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. कुठली गोळी, कोणी दिली, सगळं मला माहीत होतं. माझ्यासमोर तिनं पाकिटातून काढली होती. गोळी मी घेतली, पण ते पाणी पिता येईना. गोळी जिभेखाली धरून मी अंगणात गेलो आणि थुंकलो. असं बरेच दिवस चाललं आणि व्हायचं तेच झालं.

डॉक्टरांनीच मग लोणावळ्याच्या बाजारातल्या एका मेडिकलवाल्याला गळ घातली. रोज सकाळी दुकान उघडलं की मी काउंटरसमोर उभा राहायचो, तो गोळी द्यायचा, मी त्याच्या समोर गिळायचो आणि आज धुकं लय आहे एवढं बोलून कामाला जायचो. जवळ पडावं म्हणून एका बंगल्यामागची खोली घेतली. शुक्रवारी मीटिंगला जायला लागलो, तिथं माझ्यासारख्यांना आपलं सांगायचं आणि त्यांचं ऐकायचं. आता गोळीही बंद आहे, पण मी सुटलो तो असा. मी जेवलो की नाही याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाच्या हातून. ही गोष्ट मी रिक्षा स्टँडवरच्या कुठल्या बाईला सांगू?

बायको औंढ्यातच राहिली. मी सणावाराला जातो, ओसरीवर बसतो, घरातलं काही मोडलं असेल तर दुरुस्त करतो आणि न जेवता निघतो. ती आग्रह करत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी ती डबा घेऊन खोलीवर आली. पहिल्यांदाच. डबा तिनं टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"समदी म्हंत्यात, नशीब काढलंस, नवरा सुधारला," ती म्हणाली. "म्या बी म्हंते, व्हय. तुमाला माज्या हातचं कदी उतरंल का न्हाई, येवढं सांगा."

मी म्हणालो, माझा तुझ्यावर राग नाही. देवाशप्पथ नाही. पण मला माहीत नाही.

ती रडली नाही. म्हणाली, मग तुमी घाला आज जेवाया. मी पिठलं-भात केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या आणि भात चिकट. ती खाली मांडी घालून बसली आणि सगळं जेवली, ताट बोटानं पुसून. ताटात काय आहे ते तिनं एकदाही निरखून बघितलं नाही. ह्या बाईवर मी एकदा पेटता स्टोव्ह ढकलला होता. खाताना घाबरायचंच होतं तर ते तिनं घाबरायला हवं होतं.

एसटीची वेळ झाली तशी ती निघाली. डबा राहिला. मी उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत, कडेला ठेचा. वास खोलीभर सुटला. तुकडा मोडला, भरीत लावून तोंडात घातला. चावला. बराच वेळ चावत राहिलो आणि शेवटी मोरीत जाऊन थुंकलो. बाकीचं बाहेरच्या कुत्र्याला घातलं.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. पोचले म्हणाली. मग विचारलं, खाल्लं का?

खाल्लं, मी म्हणालो. दारू सुटल्यापासून मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मंग पुडच्या रईवारी बी आनते."