गॅरंटी संपल्यावर

लाँड्रीवाल्या काकूंना सगळे गॅरंटीकाकू म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. कुठलंही यंत्र विकत घेतलं की त्याची गॅरंटी संपेपर्यंत त्या त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. "नव्याचे नऊ दिवस सगळेच गुणी," त्या म्हणायच्या. "गॅरंटीत असताना यंत्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं वागतं. खरा स्वभाव नंतर कळतो."

गॅरंटी संपली की मात्र काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, तोही मास्तरांच्या सर्व्हरवर. मास्तर म्हणजे त्याच गल्लीतले निवृत्त गणित शिक्षक. मोठ्या साइटवरच्या जाहिरातींना वैतागून त्यांनी शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर एक लहानसा संगणक सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवला होता आणि ओळखीपाळखीच्या माणसांना त्यावर लिहायला-वाचायला खाती उघडून दिली होती. अशी छोटी छोटी घरं जगभर होती. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जायचं. सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला शेठ असा कुणी नव्हता, आणि काकूंना तेवढं पुरे होतं.

इस्त्री फिरवता फिरवता त्या मनात वाक्यं जुळवत आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोनवर लिहीत. साचा ठरलेला: वापर किती, बिघडलं काय, दुरुस्त कोण करून देतं, आणि शेवटी निकाल. वॉशिंग मशीनबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'धुऊन झालं की गाणं वाजवते. मला कपडे हवेत, गाणं नको. पण बेल्ट कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलून देतो. पुन्हा घेईन.' फ्रिजबद्दल, 'याला वायफाय लागतं. आधीच्याला फक्त वीज लागायची. पुन्हा घेणार नाही.' कुठकुठली माणसं खरेदीला निघण्याआधी काकूंना विचारत.

सून म्हणायची, "आई, मोठ्या साइटवर लिहा ना. लाखो लोक वाचतील."

"तिथे इस्त्रीबद्दल एक ओळ लिहिली, तर आठवडाभर मलाच इस्त्र्या विकत बसले मेले. लाख नकोत गं मला. विचारणारे चार पुरेत."

मग मास्तरांचे डोळे साथ देईनात. सर्व्हर म्हणजे घरचं गुरंच, एक दिवस दुर्लक्ष करून चालत नाही. अर्धवट सांभाळण्यापेक्षा बंद केलेला बरा, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यांसाठी त्यांनी दुसरा चांगला सर्व्हरही शोधला. पण एक अडचण होती. हे घर बदललं की तुमचे वाचक तुमच्याबरोबर येतात, जुनं लिखाण मात्र येत नाही. काकूंचं इतक्या वर्षांचं सगळं मागे राहणार होतं, आणि ते त्यांना सांगायचं मास्तरांच्या जिवावर आलं होतं. लाँड्रीवरून ते नुसतेच ये-जा करत राहिले. शेवटी दोन शर्ट हातात घेऊन आत शिरले आणि एका दमात सांगून मोकळे झाले.

काकूंनी इस्त्री उभी केली. "म्हणजे मी लिहिलेलं सगळं जाणार?"

"पेनड्राइव्हवर देतो मी. पण तिथे लोकांना दिसणार नाही."

काकूंनी शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी शर्ट उलटेपालटे करून पाहिले. "हे तर इस्त्री केलेलेच आहेत मास्तर. घेऊन जा."

ठरल्या दिवशी मास्तरांनी संगणक बंद केला. पंख्याची घरघर थांबली आणि खोली परकी वाटायला लागली. अक्षरं मोठी करून त्यांनी फोनवर काकूंचं नवं पान उघडलं. वाचक झाडून सगळे आले होते. लिखाणाची जागा पांढरीफटक होती. आपण एका बाईची आयुष्यभराची पुण्याई बुडवली, असं त्यांना वाटलं. चहा घेऊन पुन्हा पाहिलं, तर पहिलं लिखाण आलं होतं.

'मास्तरांचा सर्व्हर. आज बंद झाला, म्हणजे गॅरंटी संपली, म्हणून आता लिहिते.
वापर: रोज.
बिघाड: वीज गेली की बंद पडायचा. एकदा माझं अर्धं लिहिलेलं गिळलं, तेव्हा मी मास्तरांना नको नको ते बोलले.
दुरुस्ती: मास्तर स्वतः, ताप असला तरी. उपकार कधी दाखवले नाहीत.
माझं जुनं लिहिलेलं गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रडलेसुद्धा. पण ज्यांनी विचारून इस्त्र्या घेतल्या, त्यांचे कपडे आजही कडक आहेत. ते कुठे जातंय?
पुन्हा घेईन.'

मास्तरांनी फोन नाकाशी धरून ते दोनदा वाचलं. मग कपाटातून एक घडीचा शर्ट काढला, दोन्ही हातांनी चांगला चुरगळला आणि ते लाँड्रीकडे निघाले.