आमच्याकडचा नेहमीचाच ताप

वटारकरांनो, आज सकाळी डास मारायच्या धुराची गाडी आमची आळी सोडून नव्या बिल्डिंगींकडे निघाली. मी आडवी उभी राहिले. गाडीवाला म्हणाला,

"आजी, बाजूला व्हा. तिकडे मलेरियाची साथ आलीय."

"आणि इथे काय, हळदीकुंकू चाललंय?"

"तुमच्याकडे तो दरसालचाच. एकाएकी वाढला, तरच साथ म्हणतात."

मेल्याला झापणार होते, पण माझी जाऊ आठवली. ती आठवडाभर तापाने फणफणत वाडी शिंपत होती. "नेहमीचाच ताप, बाय. झाडांना पानी कोन घालनार?" मीही मान डोलावली. आता ती दवाखान्यात आहे आणि मला ओळखत नाही.

नेहमीचा म्हटला की गाडीवालाही थांबत नाही आणि घरचेही. तुमच्या घरी असा ताप कोण अंगावर काढतंय?